रॉस्किलच्या वैमानिक खासदारास

हिल्सबरो, ऑकलंड

कै. आर्थर फॉल्कनर यांस,


फॉल्कनरसाहेब, तुम्ही १९५७ ते १९८१ अशी सलग चोवीस वर्षं रॉस्किलचे खासदार होतात. मी राहतो ते हिल्सबरो आज माउंट रॉस्किल मतदारसंघात मोडतं. मतदारसंघांच्या सीमा इथे जनगणनेनंतर सरकत राहतात, तरी तुमचं नाव घेतल्याशिवाय या भागाचं राजकारण सांगता येत नाही. पत्र लिहायचं कारण मात्र आजचं आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्लीत भारत आणि न्यूझीलंड यांच्यात संरक्षण सहकार्याचा करार झाला. पुढच्याच महिन्यात इथल्या सरकारने संरक्षणाचा नवा आराखडा मांडला. चार वर्षांत १२ अब्ज डॉलर, आणि आठ वर्षांत संरक्षणखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या दोन टक्क्यांच्या वर. तेव्हापासून आमच्या मराठी मंडळींत, गणपतीच्या आरतीनंतरच्या गप्पांत असो की कुणाच्या घरच्या जेवणात, एक वाक्य हमखास ऐकू येतं: अशा वेळी संसदेत फौजेतली माणसं पाहिजेत.

मलाही तसं वाटतं. पण फौजेतला माणूस संसदेत जाऊन नेमकं काय करतो, यावर सारं अवलंबून आहे. ते पाहायचं तर तुमच्याइतका चांगला दाखला मला या परिसरात दुसरा दिसत नाही.

तुमचा जन्म १९२१चा, ऑकलंडचा. विशीत पाऊल ठेवता ठेवता तुम्ही न्यूझीलंडच्या हवाई दलात गेलात आणि युरोप व उत्तर आफ्रिकेच्या आकाशात स्पिटफायर चालवलंत. स्पिटफायर हे एकट्याचं विमान. बंदुका, इंधन, दिशा, सगळं त्या एका माणसाच्या अंगावर. बाविशी-तेविशीतली पोरं त्यात बसत आणि संध्याकाळच्या जेवणाला टेबलावरच्या काही खुर्च्या रिकाम्या राहत. त्यातून तुम्ही परत आलात, लेबर पक्षाचं संघटकाचं काम केलंत आणि १९५७च्या नोव्हेंबरात नॅशनल पक्षाच्या जॉन रे यांना हरवून रॉस्किलची जागा घेतलीत. त्या निवडणुकीत लेबरला ४१ आणि नॅशनलला ३९ जागा मिळाल्या. म्हणजे रॉस्किल तिकडेच राहिलं असतं तर वॉल्टर नॅश यांचं सरकार येणं कठीण होतं. ते सरकार तीनच वर्षं टिकलं. पुढची बारा वर्षं तुम्ही विरोधी बाकांवर काढलीत, पण रॉस्किल हातचं जाऊ दिलं नाहीत.

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. तिथे घराघरातून एक तरी माणूस फौजेत जातो, आणि पेन्शनवर परत आला की मरेपर्यंत त्याला हुद्द्यानेच हाक मारतात. सुभेदार आले, हवालदारांना विचारा, कॅप्टनसाहेबांना पुढे बसवा. हा मान मनापासूनचा असतो आणि तो मला प्रिय आहे. पण निवडणूक जवळ आली की त्याच मानाचं भांडवल होतं. पॅनेलवर एक फौजी असला की बरं, फ्लेक्सवर गणवेशातला फोटो असला की आणखी बरं. २०१९च्या लोकसभेच्या तोंडावर तर भारताच्या निवडणूक आयोगाला पक्षांना बजावावं लागलं होतं की प्रचारात जवानांचे फोटो वापरू नका. ज्याच्या नावावर मतं मागितली, त्या जवानाच्या विधवेला पेन्शनच्या कागदासाठी मग तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून मला तुमच्या कारकिर्दीचा हेवा वाटतो.

तुमच्या पिढीच्या संसदेत युद्ध पाहिलेली माणसं दोन्ही बाकांवर होती. नॅशनलचे, पुढे पंतप्रधान झालेले रॉब मल्डून पॅसिफिकमध्ये आणि इटलीत होते. संसदेबाहेरही तेच: सर चार्ल्स बेनेट यांनी उत्तर आफ्रिकेत माओरी बटालियनचं नेतृत्व केलं आणि ट्युनिशियात गंभीर जखमी झाले. पुढे ते लेबर पक्षाचे अध्यक्ष झाले, आणि १९७६ साली त्यांच्यामागून ते पद तुमच्याकडे आलं. सगळेच जिथे युद्धावरून आलेले, तिथे ‘मी सैनिक आहे’ एवढ्यावर मत मिळण्याची सोय नव्हती. सैनिक होतास हे ठीक, आता रस्ता, शाळा, घरं, पगार यांचं काय करतोस ते सांग, असा तो काळ होता. अशा मतदारांनी तुम्हाला आठ वेळा निवडून दिलं.

त्याच युद्धात आमची माणसंही होती, हे इथल्या फारशा लोकांना माहीत नसतं. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याचा शेवटचा मोठा हल्ला झाला. त्या दिवशी न्यूझीलंडची दुसरी डिव्हिजन आणि आठवी भारतीय डिव्हिजन शेजारी शेजारी लढत होत्या. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई, कंपनीचे निरोप्या, त्या नदीच्या बांधावर होते. त्यांनी सुरुंग पेरलेल्या जमिनीतून आणि गोळ्यांच्या माऱ्यातून दोन जखमी साथीदारांना मागे आणलं, मग परत जाऊन शत्रूची मशीनगन ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २५ एप्रिलला, अँझॅक या सैनिक-स्मृतिदिनी, पहाटे छातीवर लाल पॉपी लावून उभा राहतो तेव्हा मी हे शेजारच्या माणसाला सांगतो. ‘तुमच्या आजोबांच्या शेजारी माझ्या मुलखातली माणसं होती’, हे ऐकून तो दर वेळी थबकतो आणि मग नाव नीट उच्चारायला शिकतो.

आणि त्याच युद्धात, तुमच्या विरुद्ध बाजूला, आणखी एक मराठी माणूस होता. सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले. इंग्रजांच्या फौजेतले अधिकारी, सिंगापूरच्या पाडावानंतर आझाद हिंद सेनेत गेलेले, सुभाषबाबूंचे वरिष्ठ सहकारी. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली ते रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले आणि नेहरूंनी त्यांना पुनर्वसन खात्याचे उपमंत्री केलं. फाळणीत घरदार गमावलेल्या निर्वासितांचं ते खातं. दिल्लीतल्या निर्वासितांच्या मुलांपासून त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली: कवायत, खेळ, समूहगान, आणि आईबाप हरवलेल्या पोरांना पुन्हा ओळीत उभं राहण्याची सवय. युद्धात तुम्ही दोघं परस्परांचे शत्रू. पण कायदेमंडळात गेल्यावर दोघांच्या वाट्याला आलेल्या कामात मला एक साम्य दिसतं. युद्ध ज्यांच्या अंगावरून गेलं त्यांच्यासाठी काहीतरी करायचं, आणि पुढच्यांच्या अंगावरून ते जाऊ नये म्हणून काहीतरी करायचं.

तुमच्या बाबतीत हे काम १९५७ सालीच समोर येऊन उभं होतं. त्या मे महिन्यापासून सप्टेंबर १९५८ पर्यंत ब्रिटनने माल्डन आणि ख्रिसमस बेटांवर हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या केल्या, ऑपरेशन ग्रॅपल. न्यूझीलंडने त्यासाठी पुकाकी आणि रोटोइती या दोन फ्रिगेट दिल्या. हवामानाच्या नोंदी घेणं हे त्यांचं काम. दोन्ही जहाजांवर मिळून ५५१ खलाशी. त्यांना डेकवर स्फोटाकडे पाठ करून बसायला सांगत, डोळे मिटून त्यांवर हात धरायला सांगत, आणि मग काही वेळाने वळून ढग बघायला सांगत. साम्राज्याशी निष्ठा म्हणून विशी-बाविशीतली ही पोरं तिथे नेऊन बसवली होती. पन्नास वर्षांनी मॅसी विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांतल्या ५० जणांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांच्या गुणसूत्रांतले बिघाड तशाच वयाच्या इतर माणसांपेक्षा जवळपास तिप्पट निघाले. तुम्ही संसदेत पहिल्यांदा शपथ घेतलीत तेव्हा या चाचण्या चालू होत्या. सरकार तुमच्याच पक्षाचं आलं आणि चाचण्या चालूच राहिल्या. त्याच सरकारने १९५८ साली सक्तीचं लष्करी प्रशिक्षण बंद केलं हे चांगलं झालं, पण पुकाकी-रोटोइतीचा हिशेब त्याने फिटत नाही. मला तुमची कारकीर्द आवडते म्हणून मी हे झाकून ठेवणार नाही.

नॅशनल पक्षाने १९६१ साली सक्ती पुन्हा आणली, या वेळी सोडतीने. वीस वर्षांच्या मुलांच्या जन्मतारखांची सोडत. तारीख निघाली की एकाचा मुलगा सैन्यात, शेजाऱ्याचा घरी. व्हिएतनाम पेटत गेलं तसा त्या सोडतीविरुद्धचा राग वाढत गेला. डिसेंबर १९७२ मध्ये लेबरच्या नॉर्मन कर्क यांचं सरकार आलं आणि तुम्ही संरक्षणमंत्री झालात. पहिल्या काही दिवसांतच ती सोडत बंद झाली आणि व्हिएतनाममध्ये उरलेली न्यूझीलंडची प्रशिक्षण पथकं माघारी निघाली. स्वतः स्वखुशीने लढायला गेलेल्या माणसाच्या खात्यातून हा निर्णय बाहेर पडला, याला माझ्या लेखी फार किंमत आहे. ज्याने कधी बंदूक हातात धरली नाही तो मंत्री सक्ती रद्द करतो तेव्हा विरोधक त्याला भेकड म्हणू शकतात. तुम्हाला तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मग आलं १९७३. फ्रान्स १९६६ पासून पॅसिफिकमध्ये, मुरुरोआ आणि फांगाटाउफा या प्रवाळबेटांवर, उघड्या हवेत अणुस्फोट करत होता. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. २२ जून १९७३ रोजी न्यायालयाने निकाल लागेपर्यंत चाचण्या थांबवायला सांगितलं. फ्रान्सने कान दिला नाही. कोर्टाचा हुकूम हातात आहे, पण समोरचा बलाढ्य आहे आणि तो जुमानत नाही. कोकणातल्या बांधाच्या भांडणापासून जगाच्या राजकारणापर्यंत हा पेच सारखाच, आणि अशा वेळी दुबळ्याकडे दोनच वाटा असल्याचं आपण धरून चालतो: गप्प बसायचं किंवा डोकं फोडून घ्यायचं. तुमच्या सरकारने तिसरी वाट काढली. २८ जूनला ‘ओटागो’ ही फ्रिगेट ऑकलंडहून निघाली. तिच्यावर तोफा होत्या, पण त्या वापरायला पाठवलेलं नव्हतं. तिने मुरुरोआच्या बाहेर आंतरराष्ट्रीय समुद्रात जाऊन नुसतं उभं राहायचं होतं, सगळ्या जगाच्या वतीने बघायला. बरोबर पत्रकार होते आणि एक कॅबिनेट मंत्रीही. कोणता मंत्री जाणार हे ठरवायला कर्क यांनी सगळ्या मंत्र्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका हॅटमध्ये टाकल्या आणि एक उचलली. म्हणजे तुमचीही चिठ्ठी त्यात असणार. निघालं ते फ्रेझर कोलमन यांचं नाव, इमिग्रेशन आणि खाणखात्याचे मंत्री.

या गोष्टीवर मी जरा रेंगाळतो, कारण मला वाटतं तुमच्या कारकिर्दीचं सगळं मोल इथे आहे. ऑकलंड ते मुरुरोआ हे साडेचार हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. तेव्हा तुमच्या नौदलाकडे स्वतःचं इंधनवाहू जहाज नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या ‘सप्लाय’ या जहाजाने तेल पुरवलं म्हणून हे जमलं. म्हणजे आधी कॅनबेराशी बोलणं, मग खलाशांचा शिधा, किरणोत्सार मोजायची साधनं, वारा कुठून वाहील त्याचे अंदाज, एक जहाज थकलं की त्याच्या जागी दुसरं. घोषणा कर्कसाहेबांची, हा सगळा कारभार तुमच्या खात्याचा. २१ जुलैला ओटागोवरच्या माणसांनी क्षितिजावर स्फोट पाहिला आणि ती बातमी त्याच दिवशी जगभर गेली. त्यानंतर ‘कँटरबरी’ तिथे पोहोचली. कोलमन एका जहाजावरून दुसऱ्यावर गेले आणि कँटरबरीनेही पुढचा स्फोट पाहिला. सोळा वर्षांपूर्वी याच नौदलाची पोरं बॉम्ब टाकणाऱ्यांच्या सोबतीला बसवली होती. आता त्याच नौदलाची पोरं बॉम्बच्या विरुद्ध साक्षीला उभी होती. गणवेश तोच, पगार तोच, समुद्रही तोच. बदलला होता तो संसदेने दिलेला हुकूम.

पुढच्या वर्षी फ्रान्सने उघड्या हवेतल्या चाचण्या थांबवून त्या जमिनीखाली नेत असल्याचं जाहीर केलं. हा पुरा विजय नव्हता. १९९६ पर्यंत फ्रेंच पॉलिनेशियात एकूण १९३ स्फोट झाले. पण पॅसिफिकच्या आकाशातून ती राख पडणं थांबलं, आणि त्यात तुमच्या दोन जहाजांचा वाटा आहे.

इथे मला माझंही काही सांगायचं आहे. ओटागो परत आली त्याला वर्षही झालं नव्हतं तोच, १८ मे १९७४ रोजी, भारताने पोखरणला अणुस्फोट केला. आमच्या घरात वडीलधारी माणसं त्याबद्दल अभिमानानेच बोलायची. १९९८ साली पुन्हा चाचण्या झाल्या तेव्हा आमच्या चौकात फटाके वाजले आणि मी स्वतः हलवायाच्या दुकानातून पेढ्यांचा पुडा आणून वाड्यात वाटला. त्याच महिन्यात न्यूझीलंडने निषेध म्हणून आपला दिल्लीतला उच्चायुक्त माघारी बोलावला. आज मी अणुमुक्त देशाचा रहिवासी आहे. इथल्या १९८७च्या कायद्याने अणुशक्तीवर चालणारं किंवा अण्वस्त्रं वाहणारं जहाज आपल्या बंदरात येऊ शकत नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे. तो पेढ्यांचा आनंदही खोटा नव्हता. एका बाजूला चीन, दुसऱ्या बाजूला पाकिस्तान असलेल्या देशाची भीती काय असते ते मला ठाऊक आहे, आणि चहूबाजूंनी समुद्र असलेल्या देशाने त्यावर सहज निवाडा देऊ नये असं मला अजूनही वाटतं. पण मुरुरोआच्या आसपास मासे धरून जगणाऱ्या माणसाने ना चीनचं काही बिघडवलं होतं ना फ्रान्सचं. बॉम्बचा विचार करताना त्याला मोजायचं असतं, हे मी तुमच्या देशात येऊन शिकलो. दोन्ही देशांनी आता संरक्षणाचा करार केला आहे तेव्हा हा विषय आमच्या पंगतीत टाळून चालणार नाही.

फॉल्कनरसाहेब, आता जे लिहितो ते कडू आहे. ज्या मार्च महिन्यात मुरुरोआच्या मोहिमेचं कौतुक अजून ताजं होतं, त्याच १९७४च्या मार्चमध्ये ऑकलंडमध्ये पोलीस आणि इमिग्रेशनचे अधिकारी पहाटे टोंगाच्या लोकांच्या घरांची दारं ठोठावत होते. व्हिसाची मुदत संपूनही राहिलेल्या माणसांच्या शोधात. मुलं अंथरुणात, आई गाऊनमध्ये, आणि दारात कुत्रा घेऊन पोलीस. याच लोकांना दहा-पंधरा वर्षं कारखान्यांनी हाका मारमारून बोलावलं होतं. तेलाचे भाव भडकले, मंदी आली आणि ते अचानक नकोसे झाले. इमिग्रेशन खातं कुणाकडे होतं? फ्रेझर कोलमन यांच्याकडे. पॅसिफिकच्या माणसांसाठी जे मुरुरोआला उभे राहिले, त्यांच्याच खात्याची माणसं पॅसिफिकच्या माणसांच्या दारात उभी होती. आरडाओरडा झाल्यावर कर्क यांनी एप्रिलमध्ये छापे थांबवले आणि मुदत उलटलेल्यांना दोन महिन्यांची माफी दिली. मल्डून यांच्या सरकारने ते पुन्हा, आणि जास्त क्रूरपणे, सुरू केले. पुढे ऐंशीच्या दशकातल्या अभ्यासात निघालं की मुदत उलटून राहिलेल्यांत पॅसिफिक बेटांवरचे लोक सुमारे एक तृतीयांश होते, पण खटले भरलेल्यांत ८६ टक्के. ब्रिटन-अमेरिकेचे लोकही मुदत उलटलेल्यांत जवळपास तितकेच होते. त्यांच्या दारावर पहाटे कुणी गेलं नाही. सरकारने माफी मागितली ती १ ऑगस्ट २०२१ रोजी, ऑकलंडच्या टाउन हॉलमध्ये, तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी सामोआच्या प्रथेप्रमाणे अंगावर चटई घेऊन.

ते खातं तुमचं नव्हतं, पण मंत्रिमंडळ तुमचं होतं. हुकूम देणारा आणि हुकूम ज्याच्या अंगावर येतो तो, या दोघांमधलं अंतर किती असतं हे युद्धातून आलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून ही गोष्ट तुमच्या बाबतीत मला जास्त खुपते. सप्टेंबर १९७४ मध्ये, कर्क यांच्या मृत्यूनंतर, नवे पंतप्रधान बिल राउलिंग यांनी तुम्हाला संरक्षणातून मजूर खात्यावर आणलं. परदेशातून आलेल्या कामगारांचा प्रश्न आता तुमच्या टेबलाच्या अगदी जवळ आला होता.

आणि तरी याच सरकारचं एक देणं माझ्यावर आहे. १९७५ साली तुमच्या संसदेने कायदा बदलून न्यूझीलंडमध्ये कायमचा राहणारा कुणीही, नागरिक असो वा नसो, मतदान करू शकेल असं केलं. जगात फार थोड्या देशांत हे आहे. माझा भारतीय पासपोर्ट खिशात असताना मी इथे पहिलं मत दिलं. एका शाळेच्या हॉलमध्ये, लहान मुलांनी रंगवलेल्या चित्रांखाली पुठ्ठ्याचा आडोसा होता. बोटाला शाई नाही, आधार कार्ड नाही, पोलीस नाही. नारिंगी पेन उचलायचं, खूण करायची, कागद पेटीत टाकायचा. रांगेत माझ्या पुढे सामोआच्या एक आजीबाई होत्या, मागे पंजाबी ड्रायव्हर, त्याच्यामागे चिनी जोडपं. साताऱ्याला असताना कुणी सांगितलं असतं की परक्या देशात नागरिक नसताना मला तिथला खासदार निवडता येईल, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. ज्या सरकारने पहाटे दारं ठोठावली त्याच सरकारने पुढच्या वर्षी परक्या माणसाच्या हाती मतपत्रिका दिली. या दोन गोष्टींची वजाबाकी करून एक रक्कम काढणं मला जमत नाही, आणि तसं करू नये असंच वाटतं.

नोव्हेंबर १९७५ मध्ये तुमचं सरकार पडलं. तुम्ही पक्षाचे अध्यक्ष झालात, १९८१ला निवृत्त झालात आणि रॉस्किल फिल गॉफ या तरुणाकडे गेलं. पुढे तेही संरक्षणमंत्री झाले. एकाच मतदारसंघाने देशाला दोन संरक्षणमंत्री दिले. २०१६च्या डिसेंबरात गॉफ यांच्या जागी पोटनिवडणूक झाली तेव्हा नॅशनलच्या उमेदवार होत्या पुणे विद्यापीठात शिकलेल्या परमजीत परमार. त्या हरल्या, पण तुमच्या रॉस्किलचा चेहरा किती बदलला आहे ते त्यावरून कळावं.

तुम्ही मे १९८५ मध्ये गेलात. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० जुलैच्या रात्री, मुरुरोआला निघायच्या तयारीत असलेलं ग्रीनपीसचं ‘रेनबो वॉरियर’ ऑकलंडच्या मार्सडेन धक्क्यावर फ्रान्सच्या हेरांनी सुरुंग लावून बुडवलं. फर्नांडो परेरा नावाचा छायाचित्रकार त्यात मेला. नुसतं उभं राहून बघणाऱ्या जहाजाची बलाढ्य राष्ट्राला केवढी भीती वाटते, याचा इतका ढळढळीत पुरावा तुम्हाला पाहायला मिळाला नाही. ओटागो पुढे भंगारात निघाली. कँटरबरी २००७ साली बे ऑफ आयलंड्समध्ये मुद्दाम बुडवली. आता हौशी पाणबुडे तिच्या केबिनांतून पोहतात.

पण जहाजं संपली तरी माणसं उरली. पुकाकी आणि रोटोइतीवरचे, आणि तुम्ही पाठवलेल्या ओटागो आणि कँटरबरीवरचेही, अनेक खलाशी पुढची कित्येक वर्षं सरकारदरबारी एकच मागत राहिले: आमच्या आजारांची दखल घ्या, आमच्या मुलाबाळांची तपासणी करा. पहिल्या दोन जहाजांना निष्ठेपोटी पाठवलं होतं, दुसऱ्या दोघांना तत्त्वापोटी. खलाशाच्या रक्ताला हा फरक कळत नाही. तुमच्या धोरणाचा मी मोठा चाहता आहे, आणि नेमका म्हणूनच मला वाटतं की ओटागोचं नाव भाषणात घेणाऱ्या प्रत्येकाने या खलाशांचीही जबाबदारी घ्यायला हवी. संसदेत फौजी माणूस हवा तो याकरता. नवी विमानं, नवी ड्रोन, नवी फ्रिगेट यांची बाजू मांडायला वकील पुष्कळ आहेत. ज्याला डेकवर बसवलं होतं त्याच्या वतीने बोलणारा हवा आहे.

पुढच्या निवडणुकीत उमेदवार हिल्सबरोच्या या चढावर दारोदार येतील. त्यांतला कुणी फौजेतून आलेला असला तर मी त्याला आत बसवीन, चहा देईन, सेनिओच्या बांधावरच्या नामदेव जाधवांची गोष्ट सांगेन. आणि मग विचारीन की या १२ अब्ज डॉलरांतून त्या चार जहाजांवरच्या खलाशांच्या मुलानातवंडांच्या तपासणीसाठी किती ठेवलेत.

आपला,
हिल्सबरोचा एक मतदार